वनस्पतीतून वेगळ्या केलेल्या संयुगाने रॅटच्या पंजाची सूज ४८ टक्क्यांनी कमी झाली. त्याला दाहशामक म्हणता येईल का?

तुम्ही दिलेला तपशील आधी परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. पानांतून एक शुद्ध संयुग वेगळं केलं. ते रॅटना १०० मिलिग्रॅम प्रति किलो या डोसने पोटाच्या पोकळीत टोचलं. अर्ध्या तासाने मागच्या पंजात सूज आणणारं कॅराजीनन दिलं. तिसऱ्या तासाला सूज कंट्रोल गटापेक्षा ४८ टक्के कमी भरली, १० मिलिग्रॅम इंडोमेथासिनने, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या माहितीतल्या दाहशामक औषधाने, ५५ टक्के. गटात सहा-सहा प्राणी. आणि प्रश्न असा, की प्रबंधात 'दाहशामक गुणधर्म सिद्ध झाला' असं लिहू का?

अजून नका लिहू. आकड्यावर माझा अविश्वास नाही. पण 'पोटाच्या पोकळीत टोचलं' हे वाचलं आणि मला माझ्या पीएचडीचं दुसरं वर्ष आठवलं.

माझ्याकडेही असंच एक संयुग होतं. मुळांतून काढलेलं, पिवळसर, पाण्यात विरघळायला अजिबात तयार नसलेलं. चार महिने कॉलम (घटक वेगळे करायची नळी) चालवून जेमतेम दोन ग्रॅम हाती आलं होतं, म्हणून तोंडावाटे द्यायची चैन परवडणारी नव्हती. आयपीला, म्हणजे पोटाच्या पोकळीत टोचायला, कमी लागतं, म्हणून आयपीच दिलं. सूज निम्म्याहून खाली आली. असा देखणा आलेख मी त्याआधी काढला नव्हता. गाईडनी तो पाहिला, 'छान' म्हणाले आणि एवढंच विचारलं, "तोंडावाटे काय होतं?" मग नाइलाजाने उरलेल्यातलं तोंडावाटे दिलं, दुप्पट डोसने. काहीच फरक नाही. मी लगेच स्वतःची समजूत घातली की आतड्यातून शोषलं जात नसेल. तसं असूही शकतं, कितीतरी वनस्पतीज संयुगांचं तेच रडगाणं आहे. पण प्रयोग संपल्यावर आयपीवाल्या प्राण्यांची पोटं उघडली तेव्हा खरा प्रकार दिसला. पोटाच्या पोकळीचं अस्तर लालभडक, पोकळीत गढूळ पाणी, आणि आतड्यांवर माझ्या संयुगाचे पिवळे कण जसेच्या तसे चिकटून बसलेले. ते रक्तात धड पोचलंच नव्हतं. नुसतं पोटात बसून तिथे आग लावत होतं.

आता पोटातल्या आगीने पंजाची सूज का कमी व्हावी? ही गोष्ट १९६०च्या दशकापासून माहीत आहे आणि तरी प्रत्येक पिढी तिला नव्याने ठेचकाळते. शरीरात एका जागी जोरदार चिडचिड उभी केली की दुसऱ्या जागची सूज दबते. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडसारखं, ज्याला कोणी औषध म्हणणार नाही असं द्रव्यही रॅटच्या पोटात टोचलं तर पंजा कमी सुजतो. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. प्राणी ताणाखाली येतो आणि अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन सोडतात, म्हणजे प्राणी स्वतःच स्वतःला स्टेरॉइडचा डोस देतो. शिवाय रक्तातला द्रव आणि पांढऱ्या पेशी पोटाकडे ओढल्या जातात, पंजाच्या वाट्याला कमी येतात. या परिणामाला प्रति-चिडचिड म्हणू. दाहशामक औषधाचा आणि प्रति-चिडचिडीचा आलेख शेजारी ठेवला तर डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही, हीच त्यातली अडचण.

तुमच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण ते झालं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची आहे. सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे टोचल्यानंतरची वीस मिनिटं प्राण्याकडे नुसतं बघत बसणं. तो पोट ताणतो का, मागचे पाय लांब करून अंग पिळतो का, कोपऱ्यात केस फुलवून बसतो का? वहीत हे कोणी लिहीत नाही, कारण त्या वेळी सगळ्यांचे हात पुढच्या प्राण्यांत अडकलेले असतात. दुसरं, प्रयोग संपल्यावर पोट उघडून पाहा, वाहक-द्रव (संयुग ज्यात मिसळलं तो नुसता द्रव) दिलेल्या कंट्रोल प्राण्याच्या शेजारी ठेवून. तिसरं म्हणजे तोंडावाटे द्या. आणि संशय उरलाच तर एका छोट्या गटाला आधी मिफेप्रिस्टोन द्या. ते ग्लुकोकॉर्टिकॉइडचा, म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉनसारख्या स्टेरॉइडचा, रिसेप्टर अडवतं. त्यानंतर तुमच्या संयुगाचा परिणाम गायब झाला, तर सूज स्टेरॉइडच्या वाटेने उतरली होती: प्राण्याच्या स्वतःच्या स्टेरॉइडने, नाहीतर संयुगानेच स्टेरॉइडची नक्कल केल्याने.

आता तुमच्या आकड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येऊ: 'तिसऱ्या तासाला'. फक्त तिसराच तास का? कॅराजीननची ही चाचणी विंटर, रिस्ली आणि नस या तिघांनी १९६२ मध्ये मांडली, आणि आजही ती सगळीकडे वापरतात ती तिच्या वेळापत्रकामुळे. लाल समुद्री शेवाळातून येणारी ही शर्करा, तिचा लॅम्डा प्रकार, एक टक्का द्रावणाचा ०.१ मिलिलिटर तळव्याच्या कातडीखाली गेला की पहिल्या तासात मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा खेळ चालतो. मग ब्रॅडिकायनिन येतं. साधारण अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिन्स ही दाह वाढवणारी द्रव्यं सूत्रं हातात घेतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन भरतात, आणि तीन ते पाच तासांच्या दरम्यान सूज शिगेला पोचते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच थांबवतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, आणि इंडोमेथासिन पहिल्या तासात फारसं काही न करता तिसऱ्या तासाला का चमकतं त्याचं उत्तर तिथे मिळालं.

म्हणून शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच असे सगळे तास मोजा. तुमच्या संयुगाची रेषा पहिल्या तासात कंट्रोलच्या अंगाने जाऊन नंतर वेगळी होत असेल तर प्रोस्टाग्लँडिनच्या बाजूला काहीतरी आहे असं मानायला जागा आहे. फक्त पहिल्या तासातच फरक असेल तर अँटिहिस्टामिनसारखं काही असू शकेल. आणि पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सरसकट सारखाच फरक असेल तर मी आनंद करण्याआधी रक्तदाबाकडे बघेन. रक्तदाब उतरवणारं द्रव्य पंजातला रक्तपुरवठा कमी करू शकतं. पुरवठा कमी तर बाहेर झिरपणारा द्रवही कमी. प्राणी गुंगला असेल, अंग थंड पडलं असेल तरी तेच होतं. गुदद्वाराचं तापमान घ्यायला दोन मिनिटं लागतात, तेवढं घ्याच. तुम्ही पुढे माइसवर जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: त्यांच्यात सूज पहिल्या काही तासांनंतर उतरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा चढते. रॅटचं वेळापत्रक तिथे चिकटवू नका.

मोजणीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा रेंगाळतो. दीड-दोनशे ग्रॅमच्या रॅटचा पंजा घोट्यापर्यंत बुडवला तर प्लेथिस्मोमीटरवर, म्हणजे पंजाने सरकवलेल्या पाण्यावरून आकारमान मोजणाऱ्या उपकरणावर, साधारण एक मिलिलिटरच्या आसपास आकडा येतो. सुजल्यावर त्यात अर्ध्या मिलिलिटरच्या आगेमागे भर पडते. समजा तुमच्या हातून पंजा दर वेळी थोडा कमी-जास्त बुडला आणि ०.०५ मिलिलिटरची चूक झाली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सुजेच्या हिशेबात ती दहा टक्के आहे. आणि 'हा औषधवाला प्राणी' हे तुम्हाला माहीत असेल तर ती चूक नेहमी एकाच बाजूला झुकते. तुम्ही अप्रामाणिक आहात म्हणून नव्हे. हात डोक्याचं ऐकतो म्हणून. माझ्या लॅबमध्ये आम्ही एकदा तेच प्राणी, तेच उपकरण, फक्त मोजणाऱ्याला गट न सांगता परत मोजून पाहिले होते. ४० टक्क्यांचे २५ झाले. त्या दिवशी चहाला कोणी गेलं नाही.

तेव्हा घोट्याच्या हाडावर मार्करने रेघ मारा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे केसांत हवेचे बुडबुडे अडकणार नाहीत, प्रत्येक पंजा तीनदा मोजून सरासरी घ्या. आणि कुपीवर अ, ब, क एवढंच लिहून कोणत्या कुपीत काय याची यादी दुसऱ्या कोणाकडे द्या, जो मोजणीच्या खोलीत येणार नाही. प्राण्यांची वाटणी गटांत कशी केली तेही लिहा. 'यादृच्छिक' असा शब्द टाकून भागत नाही. पिंजऱ्यात हात घातल्यावर आधी सापडतो तो प्राणी मवाळ असतो, आणि मवाळ प्राणी सगळे एकाच गटात जातात. प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत यासाठी अराइव्ह नावाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली, २०२० मध्ये सुधारली गेली; त्यांतल्या पहिल्या दहा मुद्द्यांत नमुन्याची संख्या, यादृच्छिक वाटणी आणि आंधळी मोजणी हे सगळं आहे. चांगली जर्नल्स आता त्यावरूनच विचारतात.

सहा प्राण्यांबद्दल. सहा हा आकडा कुठून आला? बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर 'आधीच्या प्रबंधात सहा होते' एवढंच असतं. तुमच्या स्वतःच्या कंट्रोल गटातली पसरण तुमच्याकडे आहे, त्यावरून किती फरक पकडायला किती प्राणी लागतील याचा हिशेब करा. कदाचित सहा पुरतील, कदाचित नऊ लागतील. विनाकारण जास्त प्राणी वापरणं जितकं चूक, तितकंच इतके कमी वापरणं की उत्तरच निघू नये. त्या सहांचा त्रास मग फुकट गेला. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांची संख्या घटवण्याचं तत्त्व मांडलं ते याच अर्थाने.

'४८ टक्के' हा आकडा दोन सरासऱ्यांच्या भागाकारातून आलाय. त्यात एकेका प्राण्याची पसरण लपते. प्रत्येक प्राण्याच्या पंजाची वाढ, म्हणजे सुजलेला उणे मूळचा, हा तुमचा खरा डेटा. सांख्यिकी त्यावर करा. एकाच प्राण्याचं तासातासाने मोजलेलं माप ही स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत, तेव्हा पुनर्मापनाची पद्धत वापरा. सगळ्या गटांची तुलना एकाच कंट्रोलशी करायची असेल तर डनेट चाचणी त्यासाठीच आहे. टक्केवारी द्यायची तर शेवटी द्या, शोभेला.

आणि कृपा करून '४८ आणि ५५ मध्ये लक्षणीय फरक नाही, म्हणजे संयुग इंडोमेथासिनच्या तोडीचं आहे' असं लिहू नका. हे वाक्य मी परीक्षक म्हणून इतक्यांदा खोडलंय की आता पेन आपोआप तिकडे जातं. सहा प्राण्यांत फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. शिवाय इंडोमेथासिन १० मिलिग्रॅम, तुमचं संयुग १००. दहापट देऊन बरोबरी साधायला निघालात तर ती तोड कसली? ३०, १०० आणि ३०० असे तीन डोस घ्या. परिणाम डोसबरोबर वाढताना दिसला तर एका डोसच्या ४८ टक्क्यांपेक्षा मला त्याचं जास्त वजन वाटेल.

आणखी एक गोष्ट आहे, जी प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात कधीच दिसत नाही: खोलीत कोण होतं आणि घड्याळात किती वाजले होते. २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या एका गटाने दाखवलं, की पुरुष संशोधकाच्या, इतकंच काय त्याने घातलेल्या शर्टाच्या वासानेही रॅट आणि माइस ताणाखाली येतात आणि त्यांची वेदना दबते. ताण आला की कॉर्टिकोस्टेरॉन आलं, आणि ते आलं की आपण पुन्हा पोटातल्या आगीच्या गोष्टीपाशी येऊन थांबतो. शिवाय रॅट निशाचर. त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन दिवसाअखेरीस, अंधार पडायच्या सुमाराला चढतं. कंट्रोल गट सकाळी उरकला आणि औषधाचा गट संध्याकाळी घेतला असेल तर फरक संयुगाचा की घड्याळाचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. प्रत्येक सत्रात प्रत्येक गटातले थोडे-थोडे प्राणी घ्या. प्रयोगाआधी आठवडाभर रोज त्यांना हातात घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण माणसाच्या हाताची सवय झालेला रॅट मोजणीच्या वेळी पाय झटकत नाही हा बोनस आहेच.

तुम्ही डोस सूज येण्याआधी दिला. माणूस सुजल्यावर औषध मागतो. म्हणून एका गटात कॅराजीननच्या एक तास नंतर संयुग देऊन पाहा. परिणाम कमी दिसेल, पण जो दिसेल तो जास्त बोलका असेल. आणि आयपी-तोंडावाटे या वादात एक बारकावा: पोटाच्या पोकळीतून शोषलेलं द्रव्यही बरंचसं पोर्टल शिरेतून (आतड्याकडचं रक्त यकृताकडे नेणारी शीर) यकृतातच जातं. म्हणजे आयपीने यकृत टळतं असं समजू नका. टळते ती आतड्याची भिंत.

पेशींवरचे प्रयोग करणार असाल तर थोडक्यात इशारा. रॉ २६४.७ या माइसच्या मॅक्रोफेज पेशी, त्यांना चिथवायला एलपीएस हा जिवाणूंच्या भिंतीतला घटक, मग नायट्राइट (पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) मोजणं हा ठरलेला मार्ग आहे. मात्र संयुगाने पेशीच मेल्या तर नायट्राइटही उतरतं, म्हणून जिवंतपणाची चाचणी त्याच डोसला, त्याच वेळी करा. काही वनस्पतीज रेणू असे असतात की ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'काम करतात', कारण ते कोणत्याही प्रथिनाला चिकटतात, स्वतःच प्रकाश शोषतात, गुठळ्या करतात. हळदीतलं कर्क्युमिन त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या रसायनशास्त्राची कठोर उलटतपासणी २०१७ मध्ये छापून आली आणि बऱ्याच लॅबमध्ये शांतता पसरली. तुमच्या रेणूत कॅटेकॉल, क्विनोन किंवा तसलाच कुठेही चिकटणारा भाग असेल तर आत्ताच सावध व्हा.

माणसापर्यंतच्या उडीबद्दल प्रबंधात एखादा परिच्छेद लागेलच. शरीराच्या पृष्ठभागावरून काढलेल्या नेहमीच्या हिशेबात रॅटचा मिलिग्रॅम प्रति किलो डोस ६.२ ने भागतात. तुमचे १०० म्हणजे माणसात सुमारे १६, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास एक ग्रॅम, तेही शोषलं गेलं तर. हा आकडा लिहा, वाचणाऱ्याला प्रमाणाचा अंदाज येतो. उंदराचा दाह माणसाच्या दाहासारखा किती, यावर २०१३ मध्ये एका गटाने 'फारच कमी' म्हटलं आणि २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने तीच माहिती वेगळ्या तऱ्हेने तपासून 'बरंच' म्हटलं. त्या वादात तुम्ही पडायची गरज नाही, पण तो आहे हे माहीत असावं.

फ्रॉइंड अ‍ॅडज्युव्हंट (मारलेले जिवाणू असलेलं तेलकट मिश्रण) देऊन संधिवात आणायचा विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलाय. तो आत्ता बाजूला ठेवा. ते मॉडेल आठवडे चालतं आणि प्राण्याला खरोखर दुखतं. तोंडावाटे परिणाम दिसला, पोट स्वच्छ निघालं, तर मगच नैतिकता समितीकडे त्यासाठी जा. तीसुद्धा तुम्हाला हेच विचारेल.

पोट उघडाल तेव्हा जठरही कापून आतून बघा. इंडोमेथासिनच्या उपाशी प्राण्यांत लाल-काळे व्रण दिसतील. तुमच्या संयुगाच्या प्राण्यांत जठर गुळगुळीत असेल तर कदाचित ते वेगळ्या वाटेने काम करतं, किंवा काम करतच नाही. व्रण दिसले तर ते वाईट बातमी म्हणून झाकू नका, ते सायक्लोऑक्सिजनेजकडे, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमकडे, बोट दाखवणारा धागा असू शकतात.

सध्या प्रबंधात एवढंच वाक्य टाका: 'हे संयुग १०० मिलिग्रॅम प्रति किलो या डोसने पोटाच्या पोकळीत दिल्यावर रॅटमधील कॅराजीननजन्य पंजाची सूज तिसऱ्या तासाला कमी आढळली.' यातला एकही शब्द कोणी खोडू शकणार नाही.

एक मात्र तुम्ही लिहिलंच नाहीत: संयुग कशात मिसळून दिलं? डीएमएसओ (न विरघळणारी संयुगं विरघळवणारा द्रव) असेल तर किती टक्के? डीएमएसओ स्वतःच दाह कमी करतं आणि जास्त प्रमाणात पोटातही चिडचिड करतं, आणि काही लॅबमध्ये कंट्रोलला नुसतं सलाइन देऊन मोकळे होतात. तुमच्या कंट्रोलला नेमकं काय दिलं होतं, किती मिलिलिटर, ते प्रतिक्रियेत लिहा. अर्धा टक्का सीएमसी (द्रव दाट करणारा सेल्युलोजचा प्रकार) आणि थोडं ट्वीन ८० (साबणासारखं मिसळायला मदत करणारं द्रव्य) यात संयुग नीट निलंबित होतं का, तेही पाहून ठेवा. तोंडावाटेच्या प्रयोगाला तेच वापरावं लागेल.